पेंढ्याला वरण

माझं नुकसान करणारी माणसं मला आयुष्यात पुष्कळ भेटली. त्यांच्याशी मी भांडलो, दोघातिघांना वर्षभर पाण्यात पाहिलं आणि मग विसरून गेलो. या एका माणसाचा राग मात्र अजून जात नाही. ते जाऊन आता काही वर्षं झाली. गेलेल्या माणसावर राग धरू नये हे मलाही कळतं. पण त्यांनी मला न विचारता मला चांगला माणूस ठरवून टाकलं, आणि ते मला फार महागात पडलं.

माझा धंदा पेंढ्याचा. कल्याणच्या तबेल्यांना म्हशींसाठी आणि ठाण्यातल्या फळवाल्यांना पेट्यांत घालायला मी भाताचा पेंढा पुरवतो. सुरुवात डोक्यावर भारे वाहून केली. आज दोन टेम्पो आहेत. दोन्हींवर माझं नाव नाही, कारण नाव रंगवणाऱ्याने सांगितलेला भाव मला पटला नाही.

आंबिवलीच्या पलीकडे आत एक गाव आहे. तिथला पेंढा लांब, सोनेरी, हातात घेतला तर न मोडणारा. तबेलेवाले तोच मागतात. त्या गावचा सगळा पेंढा मी वर्षानुवर्षं उचलत आलेलो. तो हातचा गेला असता तर तबेलेवाले दुसऱ्याकडे गेले असते, आणि मी पुन्हा डोक्यावर भारे घेतले असते. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी जे केलं ते का केलं हे कुणी विचारायला नको.

हे गृहस्थ कोलशेतला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. आयुष्यभर काचेच्या नळ्यांतून थेंब मोजले, निवृत्त झाले, आणि आईच्या वाट्याला आलेलं त्या गावातलं एक एकर भातखाचर स्वतः करायला लागले. राहायचे नौपाड्यात. रोज सकाळी गावात हजर. अंगात पांढरा शर्ट, पायात रबरी बूट आणि गळ्यात वजन करायचा ताणकाटा. डॉक्टरांच्या गळ्यात नळी असते तसा तो काटा लोंबत असायचा, आणि दिसेल ती वस्तू ते त्याला लावायचे. काकडी, चपला, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. नाक्यावरच्या वडापाववाल्याला एकदा म्हणाले, "कालच्यापेक्षा आज बटाटा कमी आहे." तो बिचारा दुसरा वडा द्यायला लागला, तर म्हणाले, "नको, नको. तक्रार नाही, नोंद आहे." आणि वहीत लिहून घेतलं. या "तक्रार नाही, नोंद आहे"ने त्यांनी मला जेवढं छळलं तेवढं तक्रार करणाऱ्या कुणी छळलं नसेल.

उन्हाळ्याच्या शेवटी गावात राब भाजतात. रोपं जिथे करायची त्या जागेवर शेण, पालापाचोळा, पेंढा पसरून पेटवून द्यायचं, ही तिथली जुनी रीत. सगळीकडे धूर, पोरंबाळं खोकतायत, आणि हे महाशय बांधावर टोपी काढून उभे. मयताला उभे राहतात तसे. मी विचारलं, "काय झालं, काका?"

"गेला," ते म्हणाले.

"कोण गेला?"

"नत्र. बघा, तो चालला धुरातून. वर्षभर जमिनीने साठवलेला." मग धूर विरेपर्यंत टोपी हातातच ठेवली. मला वाटलं, माणूस आतून हललेला आहे. हललेला असता तर बरं झालं असतं.

आमचं पहिल्या भेटीतच बिनसलेलं. मी खळ्यावर पेंढा भरत होतो. ते आले, गावकऱ्यांनी बांधलेला एक भारा काट्याला लावला. मग माझ्या टेम्पोत चढले आणि तबेल्यासाठी मी बांधून ठेवलेला भारा लावला. खाली उतरून मोठ्या आवाजात म्हणाले, "पेंढेवाले, तुम्ही घेता त्यालाही भारा म्हणता आणि देता त्यालाही भारा म्हणता. इथले दोन भारे तिथे तीन कसे होतात?"

"वाटेत सुटतात. पुन्हा बांधावे लागतात."

"आणि बांधताना बारीक होतात. ठीक आहे. तक्रार नाही, नोंद आहे."

त्या नोंदीचा परिणाम असा की पुढच्या हंगामापासून गावाने मला भाऱ्यावर पेंढा विकणं बंद केलं आणि वजनावर सुरू केलं. काटा या काकांचाच. मी म्हटलं, काका, निदान तुमच्या एकरातला पेंढा तरी मला द्या, एवढं केलंत तर. ते म्हणाले, "तो विकायचा नसतो. जमिनीतून आला, जमिनीत परत जायचा."

"आणि म्हशींनी काय खायचं?"

"ते म्हशींना विचारा."

हे एका एकरापुरतं राहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण ते गावभर सांगत सुटले. पेंढा विकू नका, बारीक कापून मातीत मिसळा, जमीन सुधारेल, भातामागून वाल घेता तो दुप्पट जोमाने येईल. गावात एक काकी होत्या. सगळ्यात जास्त जमीन त्यांची, आणि त्या जे करतील ते गाव करायचं. त्या म्हणाल्या, "आदी तुमच्यात करून दावा, सायब. मंग बगू."

त्यांनी केलं. लावणीच्या तोंडावर सगळा पेंढा कुट्टी करून चिखलात मिसळला. श्रावणात त्यांचं खाचर हळदीच्या अंगासारखं पिवळं पडलं. आजूबाजूला हिरवंगार भात आणि मधेच हा पिवळा चौकोन. मी कल्याणहून पेढे घेऊन गेलो. खोटं कशाला बोलू, गावभर वाटले. त्यांच्यासमोरही पुडा धरला. त्यांनी एक पेढा उचलला, काट्याला लावला, खाल्ला आणि म्हणाले, "पिवळं पडायलाच हवं होतं. चूक माझी. मी वरण वाढलं नाही."

काकी तिथेच होत्या. "कसलं वरान?"

"काकी, पेंढा कुजवणारे जिवाणू असतात. मातीत. लाखोंनी. पेंढा घातला म्हणजे मी त्यांना जेवायला बोलावलं. पण पेंढा म्हणजे नुसता कोरडा भात. पानात भाताचा डोंगर आणि वरण नाही. मग ते काय करणार? शेजारच्या पानातलं वरण ओढणार. शेजारचं पान रोपाचं. रोप उपाशी राहिलं, म्हणून पिवळं."

"नि वरान मंजे?"

"नत्र. थोडा युरिया पेंढ्याबरोबर द्यायला हवा होता."

"मंजे पावणे बोलावलं नि वरान टाकलंच नाय?" काकी हसायला लागल्या. "मना वाटलं शिकलेलं मानूस हाय."

"बरोबर बोललात, काकी. आणि वालाला तेही लागत नाही. वाल स्वतःचा डबा घेऊन येतो. त्याच्या मुळांच्या गाठींत त्याचं वरण असतं."

माणसाचं अख्खं पीक गेलेलं आणि तो गावाला वरणभात समजावून सांगत होता. दुसऱ्या दिवसापासून ते लोकांना हात धरधरून पिवळं शेत दाखवायला नेऊ लागले. मी पेढे वाटले त्यापेक्षा जास्त माणसं त्यांनी नेली. माझा आनंद तिथेच संपला.

मग त्यांनी एक प्रस्ताव मांडला. खाचराच्या चार पट्ट्या पाडायच्या, मधे बांध घालायचे. एकीत पेंढा आणि युरिया, एकीत नुसता पेंढा, एकीत नुसता युरिया, एकीत काहीच नाही. आधी भात, मग त्यावर वाल, दोन्ही पिकं तोलायची. पेंढा घातलेली पट्टी सरस ठरली तर गावाने निम्मा पेंढा शेतात ठेवायचा. नाही ठरली तर सगळा पेंढा कायमचा मला, आणि ते पुन्हा तोंड उघडणार नाहीत. काकींना पटलं. मलाही पटलं. पण पुढे ते म्हणाले, "कुठल्या पट्टीत काय आहे हे मला कळता कामा नये. माझा डोळा लबाड आहे. पेंढ्याची पट्टी मला हिरवीच दिसणार. म्हणून चिठ्ठ्या टाकायच्या, पट्ट्या भरायच्या आणि कागद बंद करून ठेवायचा हे सगळं पेंढेवाले करतील."

"मी?"

"तुमच्याइतका माझ्या विरुद्ध माणूस गावात नाही. मी जिंकलो तर तुमच्या कागदावरच जिंकायला हवं."

मी हो म्हणालो. कुणीही व्यापारी म्हणाला असता. समोरचा स्वतःहून तराजू आपल्या हातात देतोय.

ते आठ दिवस गावात आले नाहीत. मी चिठ्ठ्या टाकल्या, माझ्या मशिनवर कुट्टी केली, टिलरवाल्याकडून चिखलात घालून घेतली. युरियाच्या पुड्या त्यांनी घरून बांधून पाठवलेल्या, औषधाच्या असतात तशा, प्रत्येकीचं वजन सारखं. पुढे उभ्या पिकात वरून खत टाकायचं तेही मीच. गुडघाभर चिखलात, पँट वर करून, माझ्या वैऱ्याच्या शेतात. बांधावरून बायका ओरडायच्या, "शेट, कदी लागलास रं कामाला?"

तिथे माझ्या डोक्यात आलं. पेंढ्याच्या पट्टीला कमी टाकलं तर ते पकडतील, पुड्या मोजून दिल्यात. पण नुसत्या युरियाच्या पट्टीला जास्त टाकलं तर कोण पकडणार? मी खिशातले पैसे घालून एक गोणी घेतली आणि त्या पट्टीला दुप्पट दिला. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या शेतात माझ्या पैशाने खत टाकलं.

पट्टी अशी उठली की बघत राहावं. काळसर हिरवी, बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच. रस्त्याने जाणारे थांबायचे. काकी म्हणाल्या, "तिसऱ्या पट्टीला काय घातलंय रं?" मी म्हटलं, कागद बंद आहे, काकी, मी कसा सांगू. अशी सभ्यता मी जन्मात दाखवली नव्हती.

नवरात्रात दोन दिवस वारा-पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी गेलो तर तिसरी पट्टी आडवी. सगळीच्या सगळी, चटई टाकल्यासारखी. लोंब्या पाण्यात, पेंढा काळा पडायला लागलेला. बाकी तिन्ही उभ्या होत्या.

झोडणी झाली, वजनं झाली, आणि खळ्यावर गाव जमलं. मी कागद उघडून वाचला. पहिली, पेंढा आणि युरिया. दुसरी, काही नाही. तिसरी, नुसता युरिया. चौथी, नुसता पेंढा. पहिली सगळ्यांत वजनदार ठरलेली.

"मंग झालं की," काकी म्हणाल्या. "वालाची वाट कशाला बगायची? नुसतं युरिया आडवं पडलं, पेंड्यावालं उबं ऱ्हायलं. निम्मा पेंडा शेतान."

सगळे उठायला लागले. मी हरलो होतो, माझ्याच पैशाने. तेवढ्यात ते म्हणाले, "थांबा. पेंढेवाले, तिसऱ्या पट्टीला किती टाकलात?"

"तुमच्या पुड्या."

"पुड्या गेल्या ते दिसतंय. वर किती?"

"वर काय? वर आभाळ."

"माझ्या पुड्यांनी भात असा पडत नाही. काड्या मी तोडून पाहिल्या, पोकळ आणि मऊ आहेत. नक्की आकडा सांगा हो. वहीत जागा ठेवलीय."

गाव माझ्याकडे बघत होतं. गप्प बसलो असतो तर बेइज्जती टळली असती, फक्त पेंढा गेला असता. पण माझा स्वभाव. माझ्या डोक्यात सणक गेली. "दुप्पट टाकला! माझ्या पैशाचा! अख्खी गोणी! काय करायचं ते करा!"

मग काकी हसल्या आणि सगळं खळं हसलं. ते मात्र हसले नाहीत. त्यांनी आकडा लिहिला, टोपण लावलं आणि म्हणाले, "आभारी आहे. प्रयोग बाद."

"बाद कसा?" काकी म्हणाल्या. "तुमी जिकलाव ना?"

"नाही, काकी. यांनी मला जिंकवलं. ती पट्टी यांनी पाडली, पेंढ्याने नाही. निकाल लागेपर्यंत जुनीच पद्धत. या वर्षीचा पेंढा यांचा."

मला हवं होतं ते सगळं मिळालं. दोन्ही टेम्पो भरले. पण भरताना गावातला एक माणूस हात लावायला आला नाही. एक एक भारा मी आणि माझा ड्रायव्हर चढवत होतो आणि ते बांधावर बसून मन लावून तिसऱ्या पट्टीतल्या काळ्या पेंढ्याचं वजन करत होते. ज्याने मला उघडं पाडलं त्यानेच मला पेंढा दिला. अशा माणसाशी भांडायचं तरी कशावरून?

वैशाखात त्यांनी नौपाड्याला घरी बोलावलं. दार त्यांच्या बायकोने उघडलं. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यांचे शत्रू ना तुम्ही? या, या. पोहे केलेत." पोहे चांगले होते. आतल्या खोलीत पलंगाखाली मातीच्या पिशव्या, कपाटावर पेंढा, आणि फ्रीजवर चिठ्ठी: यातली दुधाची नसलेली बाटली पिऊ नये. त्या म्हणाल्या, "भावजी, तुम्ही त्यांना एकदाचं हरवा हो. मला पलंगाखाली केर काढायचाय."

ते आले आणि माझ्यासमोर कोरा कागद ठेवला. "या वर्षी पुन्हा. कागद तुमच्याकडेच."

"काका, डोकं ठिकाणावर आहे ना? मी गेल्या वर्षी लबाडी केली."

"केलीत. आणि गोणीच्या हिशोबाने अचूक सांगितलीत. मला काकींनी सांगितलेला आकडा मूठभर इकडेतिकडे असतो. तुमचा नसतो."

"आणि पुन्हा केली तर?"

"तर पुन्हा बाद. तिसऱ्या वर्षी पुन्हा करू. मला घाई नाही, मी निवृत्त आहे."

त्यांच्या बायको म्हणाल्या, "पाहिलंत?"

त्या वर्षी मी लबाडी केली नाही. चांगुलपणा वगैरे काही नव्हतं. दरवर्षी फुकट चिखलात उतरायचं मला परवडणार नव्हतं. पुड्या मोजून टाकल्या, चिठ्ठ्या नव्याने टाकल्या, कागद गोदामाच्या कपाटात कुलपात ठेवला. दिवाळीच्या सुमाराला भात झोडलं तर दोन पट्ट्यांचं वजन जवळजवळ सारखं आलं. कुठल्या दोन ते फक्त मला ठाऊक. पेंढा-युरिया आणि नुसता युरिया. मी आनंदलो. बरोबरी म्हणजे सरस नव्हे.

मग वाल पेरला. वालाला पाणी नसतं, भाताने मागे ठेवलेल्या ओलीवर तो वाढतो. थंडी सरली तशा दोन पट्ट्या करपायला लागल्या, शेंगा भरायच्या आधीच पानं वाळली. पेंढ्याच्या दोन्ही पट्ट्यांत मात्र माती अजून थंड, वेल हिरवे. बोट घातलं तर ओल लागायची. मी रोज जाऊन बोट घालायचो. रोज लागायची. शेंगा तोलल्या तेव्हा काट्याकडे बघायचंही कारण उरलं नव्हतं.

वाचनाच्या दिवशी माझ्या दोन खिशांत दोन कागद होते. एक खरा. दुसरा आदल्या संध्याकाळी गोदामात बसून लिहिलेला, ज्यात पट्ट्यांची अदलाबदल केलेली. तो वाचला की गावाचा सगळा पेंढा कायमचा माझा, आणि कपाटाची किल्ली माझ्याकडेच, तपासणार कोण? खळ्यावर उभा राहिलो तेव्हा कुठला वाचायचा हे मी ठरवलेलं नव्हतं. हे मी देवाशपथ सांगतो.

त्यांनी हात वर केला. "सगळ्यांनी यांच्याकडे पाठ करून बसा."

"का?" काकी म्हणाल्या.

"आपले चेहरे बघून यांचं वाचन बदलायला नको. हे मोकळेपणी वाचू देत."

आणि अख्खं गाव वळलं. म्हातारे, बायका, काकी, स्वतः ते, सगळे शेताकडे तोंड करून. माझ्यासमोर नुसत्या पाठी. कुणी मान वळवेना. मी डावा कागद काढला, आत ठेवला. उजवा काढला. त्या पाठींकडे बघून मला इतका संताप आला की सांगता येत नाही. अरे, माझ्यावर लक्ष ठेवा! एकाने तरी संशय घ्या! मी आयुष्यभर संशय घेणाऱ्यांशी व्यवहार केलाय, मला तेच जमतं. त्या रागातच मी खरा कागद ओरडून वाचला. चारही पट्ट्या. पेंढा-युरियावर आवाज फाटला.

गाव वळलं. काकी म्हणाल्या, "निम्मा पेंडा शेतान. शेट, तुला निम्मा." त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच थट्टा नव्हती, ते मला आणखी लागलं.

ते माझ्याजवळ आले. मला वाटलं, आता पाठीवर थाप मारणार, आणि मी त्यांचा हात झटकायला तयार होतो. त्यांनी हात पुढे केला. "दुसरा द्या."

"कुठला दुसरा?"

"कागद. तुम्ही व्यापारी आहात, एकच पर्याय घेऊन येणार नाही."

मी खिशातून काढून दिला. का दिला ते अजून कळलेलं नाही. त्यांनी चष्मा लावला, वाचला, पुन्हा वाचला आणि काकींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पेंढेवाले, यात नुसता युरिया दोनदा लिहिलाय आणि नुसता पेंढा कुठेच नाही. हा वाचला असतात तर जागच्या जागी सापडला असतात."

निम्मा पेंढा गेला, मी दुसरं गाव शोधलं, तबेले सांभाळले, त्याचं मला काही वाटत नाही. पण एक कागद लिहायचा तर तो मला धड लिहिता आला नाही, हे त्यांनी काकींसमोर सांगायला नको होतं.